उलट्या तारखा

परदेशी जाणाऱ्या माणसाच्या कागदांना आपापलं आयुष्य असतं. पासपोर्ट दहा वर्षं जगतो, गल्फच्या मेडिकलचा ‘फिट’ दोन-तीन महिने, तिकीट एक दिवस. आमच्या धंद्यात नवा आलेला पोरगाही हे आठवड्याभरात शिकतो: आधी मेडिकल, मग स्टॅम्पिंग, मग तिकीट. २०२० साली या यादीत बहात्तर तास जगणारा एक कागद, कोविडच्या टेस्टचा रिपोर्ट, शिरला आणि सगळा क्रम उलटा झाला. आधी मरणाऱ्या कागदाची तारीख पहिली धरायची आणि तिथून मागे मोजत यायचं. दोन वर्षं मी जे काम केलं ते मुख्यतः हेच, बाकी सगळं झेरॉक्स.

माझं दुकान श्रीवर्धनला, एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वडिलांनी टाइपरायटरवर सुरू केलं तेव्हा अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि भाडेकरार एवढंच असायचं. आता पाटीवर पासपोर्ट, पॅन, तिकीट बुकिंग, व्हिसा मार्गदर्शन असं सगळं आहे. गिऱ्हाईक श्रीवर्धन, बोर्ली पंचतन, दिवेआगर, दिघी आणि म्हसळ्याच्या आसपासच्या गावांतलं. त्यात निम्म्याहून जास्त गल्फवाले: सौदी, कुवेत, दुबई, मस्कत. काही जहाजावरचे खलाशी. अलीकडे शिकायला जाणारी मुलं आणि नर्सेस.

या किनाऱ्याला माणसं बाहेर पाठवायची जुनी सवय आहे. आमच्या गावचा सर्वांत मोठा माणूस गाव सोडून गेला म्हणूनच मोठा झाला. बाळाजी विश्वनाथ भट इथले. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं, घाटावर गेले आणि पेशवे झाले. वर अलिबागच्या बाजूला नवगावचे बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवून, मराठी बोलून, १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेले. अलिबागेत त्यांची आळी आणि सिनेगॉग आहे, माणसं मोजकी. माझ्या दुकानातून गेलेला कुणी पेशवा झालेला नाही, पण म्हसळ्याच्या रस्त्याने येताना दिसणारे रंगीत दुमजली बंगले बघा. त्यातल्या बऱ्याच बंगल्यांच्या मालकांचा पहिला पासपोर्ट फॉर्म आमच्याकडे भरलेला आहे.

तर २०२०. मार्चच्या शेवटच्या दिवसांत आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. आधी म्हणे एका आठवड्यासाठी. ती नेहमीसारखी सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडावं लागलं. मधल्या काळात जी उडाली ती ‘वंदे भारत’ मोहिमेची, चार्टर, नाहीतर दोन देशांनी आपसात ठरवलेल्या ‘एअर बबल’ची. हे शब्द दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला समजावता समजावता माझा घसा बसे. टीव्हीवर ‘विमानसेवा सुरू’ अशी पट्टी आली की अर्ध्या तासात फोन वाजायला लागत. विमान सुरू झालं म्हणजे तुम्ही त्यात बसू शकता असं नव्हे, हे सांगणं हेच काम होतं. विमान एका खात्याचं, व्हिसा दुसऱ्या देशाचा, आरोग्याचा नियम तिसऱ्याचा, आणि आपला ई-पास रायगड पोलिसांचा. मुंबईचा विमानतळ आमच्या जिल्ह्याबाहेर. हातात परदेशाचा व्हिसा आहे पण पनवेलच्या पुढे जायचा पास नाही, अशी माणसं मी ऑगस्ट २०२० पर्यंत पाहिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला राज्याने ई-पास काढून टाकला, तेव्हा आमच्याकडे कुवेतला जाता येत नव्हतं पण ठाण्याला जाता येऊ लागलं, यावरही लोक खूश होते.

पहिले काही आठवडे काम उलट दिशेचं होतं. ७ मेपासून वंदे भारतची विमानं सुटली तसे तिकडे अडकलेल्यांच्या घरचे येऊ लागले, दूतावासाच्या फॉर्मात नाव घाला म्हणून. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही. फॉर्म भरायचा आणि वाट बघायची. खरी गुंतागुंत सुरू झाली ती जूनमध्ये, आणि ती रोगाने नव्हे, वाऱ्याने.

३ जूनच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या खाली किनाऱ्यावर चढलं. हवामान खात्याच्या हिशोबाने वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा. आमच्याकडे वाऱ्याचं माप म्हणजे कुणाचा पत्रा कुणाच्या वाडीत जाऊन पडला. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, आणि सुपारीचं झाड म्हणजे उंच, सडपातळ, मुळं वरवरची. नारळ पडले ते सुपारीला घेऊन पडले. ज्या वाड्यांत दुपारी बाराला ऊन जमिनीवर पोचत नसे तिथे दुसऱ्या दिवशी आरपार समुद्र दिसत होता. नवं रोप लावलं तर हाताला सुपारी लागायला सहा-सात वर्षं. वीज कित्येक गावांत महिनाभर आली नाही. मोबाइलला रेंज मिळवायला लोक चढावर जाऊन उभे राहत.

या वादळाचा आणि परदेशी जाण्याचा संबंध बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. आमच्याकडे घर चालतं ते दोन पायांवर: एक वाडी, एक बाहेरून येणारी मनीऑर्डर. आता तिला मनीऑर्डर कुणी म्हणत नाही, पण पैसे तेच. वाडी आडवी झाली म्हणजे सगळा भार दुसऱ्या पायावर. जे ‘आता पुरे, यंदा परत जात नाही’ म्हणत मार्चमध्ये घरी बसले होते, ते जूनमध्ये ‘ताई, कधी उघडणार?’ म्हणून दारात. जायची निकड वाढली त्याच महिन्यात जायची वाट बंद होती. महामारीतलं स्थलांतर म्हणून वर्तमानपत्रांत जे छापून आलं ते शहरातून गावाकडे चाललेल्यांचं होतं. ते खरंच होतं. पण आमच्या गावांत त्याच वेळी उलट्या दिशेने जायला निघालेली, आणि उंबऱ्यावर अडकलेली, माणसं होती.

वादळानंतर दुकानात आलेलं पहिलं काम म्हणजे भिजलेले पासपोर्ट. प्लॅस्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या डब्यात ठेवलेले बहुतेक वाचले. लोखंडी कपाटातले भिजले. छप्पर गेल्यावर कपाटात वरून पाणी शिरतं, आणि खालून जायला वाट नसते. एका चाचांनी पाच पासपोर्ट आणले, सगळ्या घराचे, एकमेकांना चिकटून वीट झालेली. म्हणाले, ‘उन्हात ठेवू?’ मी म्हटलं, अजिबात नको. उन्हात फोटोच्या पानावरचं लॅमिनेशन फुगतं. इस्त्री तर मुळीच नाही. मध्ये वर्तमानपत्रही घालायचं नाही, शाई उतरते. वीज नव्हती, पंखा नव्हता. दुकानातले कोरे ए-फोर कागद घेतले, प्रत्येक दोन पानांत एकेक सरकवला, वर वहीचा हलका गठ्ठा ठेवला. काही तासांनी कागद ओले झाले की काढायचे, दुसरे घालायचे. पानं सोडवताना नखाने उचकटायचं नाही, कोपऱ्याकडून फुंकर घालत न्यायचं. फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, बाणासारख्या खुणा असलेल्या. विमानतळावरचं यंत्र तेवढंच वाचतं. त्या ओळींतलं एक अक्षर जरी पसरलं तरी तो पासपोर्ट ‘डॅमेज्ड’ धरतात, आणि मग नवा काढावा लागतो. पाचपैकी तीन सुटले. चाचांच्या स्वतःच्या पासपोर्टातला फोटो ढगात गेल्यासारखा दिसत होता. त्यांना हसू आलं, ‘आता तरणा दिसतो.’ ते हसले तरी मी हसले नाही, कारण पासपोर्ट केंद्रं नुकती कुठे उघडत होती आणि जिथे अपॉइंटमेंट मिळत होती तिथे जायला पास लागत होता.

बोर्लीजवळचा एक एसी मेकॅनिक त्या काळात मला सर्वांत जास्त भेटला. दम्मामला बरीच वर्षं काढलेली. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी फेब्रुवारी २०२० मध्ये सुट्टीवर आला, एप्रिलचं परतीचं तिकीट खिशात. सौदीत कामावर असलेल्याचं सगळं दोन गोष्टींवर उभं असतं: इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, आणि एक्झिट री-एन्ट्री, म्हणजे सुट्टीवरून परत शिरायची मुभा. री-एन्ट्रीची मुदत टळली आणि माणूस पोचला नाही तर तेव्हा तीन वर्षं नव्या मालकाकडे जाता येत नसे. त्यामुळे ही माणसं मुदतीला फार घाबरत. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. बाहेर अडकलेल्यांचा इकामा आणि री-एन्ट्री सौदी सरकारने फी न घेता वाढवून दिली, आणि एकदा नव्हे, पुन:पुन्हा. ते नसतं तर आमच्या दोन तालुक्यांतल्या कितीतरी घरांची रोजी गेली असती.

पण मुदत वाढली म्हणजे वाट उघडली असं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सौदीने भारतातून येणं बंद केलं. त्यातून पळवाट निघाली: तिसऱ्या देशात चौदा दिवस काढा आणि तिथून जा. कुवेतचंही तसंच. मग मुंबईपासून महाडपर्यंत सगळीकडे ‘दुबई पॅकेज’च्या पाट्या लागल्या. विमान, खोली, जेवण, टेस्ट, पुढचं तिकीट, सगळं एका रकमेत. मी ती पॅकेजं विकायचं टाळलं. नैतिक कारण वगैरे काही नाही. ज्या देशाचा नियम उद्या सकाळी बदलू शकतो त्याच्या चौदाव्या दिवसाची हमी मी कशावर देणार? लोक म्हणायचे, ‘ताई घाबरट आहेत.’ असतील.

हा मेकॅनिक जानेवारी २०२१ मध्ये अशाच एका पॅकेजवर दुबईला गेला. पैसे बायकोच्या बांगड्यांचे. एका खोलीत कोकणातलेच चौघे-पाचजण, रोज फोनवर दिवस मोजत. चौदा पुरे व्हायला थोडेच उरले असताना, २ फेब्रुवारीला सौदीने वीस देशांची यादी काढली. दुसऱ्या दिवशी रात्री नऊपासून बंदी. यादीत भारत होताच, शिवाय अमिरातीही. ज्या अंगणात थांबून पुढे जायचं तेच अंगण बंद. दुबईत अडकलेल्या भारतीयांच्या बातम्या तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर होत्या, त्यातले बरेच केरळचे. आमचे मोजके, म्हणून बातमीत नव्हते. त्याने रात्री मला फोन केला. मी काय सांगणार होते? दुबईच्या व्हिजिट व्हिसाची मुदत बघ, परतीचं तिकीट आज काढ, उद्या दुप्पट होईल. पॅकेजवाल्याने पुढच्या तिकिटाचे थोडेफार परत केले, बाकीचे ‘खर्ची पडले’.

परत आल्यावर तो गावात काम करत राहिला. वादळानंतर दुरुस्त्या संपल्या नव्हत्याच. वायरिंग, पंप, शाळेच्या छपरावरचे दिवे. एप्रिलमध्ये त्याने नेपाळचा विचार काढला. काठमांडूत चौदा दिवस, तिथून दम्माम. मी कागद काढायला घेतले आणि नेपाळने त्या महिन्याच्या अखेरीस परदेशी लोकांना तिथून पुढे जायला मनाई केली. मे महिन्यात मालदीवनेही दार लावलं. तो दुकानातल्या बाकावर बसून म्हणाला, ‘ताई, मी जिथं म्हणतो तिथं कुणीतरी आधी जाऊन कुलूप लावतो काय?’ इकडे दुसरी लाट भरात होती, तालुक्याच्या रुग्णालयात ऑक्सिजनची चिंता, आणि ई-पासही परत आलेला. त्या आठवड्यात मी त्याला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं, की आता लस होईपर्यंत कुठलाही कागद काढायचा नाही. काढलेला प्रत्येक कागद मरतो, आणि तुझे पैसे घेऊन मरतो.

लशीने आमच्या कामात नवीच भानगड आणली. बाकीचं गाव लस मिळते का म्हणून रांगेत, आणि गल्फवाला रांगेत उभा राहून बाटलीचं नाव विचारतो. कोवॅक्सिन असेल तर घरी परत. सौदीच्या आणि कुवेतच्या यादीत तेव्हा कोवॅक्सिन नव्हती, कोविशील्ड तिच्या अ‍ॅस्ट्राझेनेका या मूळ नावाने चालत होती. जागतिक आरोग्य संघटनेने कोवॅक्सिनला मान्यता दिली ती ३ नोव्हेंबर २०२१ ला. केंद्रावरच्या सिस्टर वैतागायच्या, आणि त्यांचं चूक नव्हतं. लस ती लस. पण या लोकांसाठी ती व्हिसाचा कागदही होती. पुढे अंतराचा घोळ. मेमध्ये दोन कोविशील्डमधलं अंतर बारा ते सोळा आठवड्यांवर गेलं. बाहेर नोकरीला किंवा शिकायला जाणाऱ्यांना अठ्ठावीस दिवसांनी दुसरी घेता येईल असा नियम ७ जूनला आला. नियम येतो दिल्लीत, तो तालुक्याच्या टेबलावर पोचायला वेळ लागतो. मी परिपत्रकाची प्रिंट प्रत्येकाच्या हातात देऊन पाठवत असे, ऑफर लेटर आणि पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर.

आणि नावं. लशीचं प्रमाणपत्र आधारवरून, तिकीट पासपोर्टवरून. आमच्याकडच्या मुसलमान कुटुंबांत आधारवर नाव एका तऱ्हेने, पासपोर्टवर दुसऱ्या, शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या. मोहम्मदची स्पेलिंग तर विचारू नका. हिंदू घरांत वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही, हा वाद. आधीच्या काळात या फरकांवर विमानतळावरचा माणूस नजर फिरवून पुढे जाऊ द्यायचा. महामारीत तीन कागद तीन टेबलांवर तपासले जात, आणि तिसऱ्या टेबलाला पहिल्या दोघांचं काही माहीत नसे.

श्रीवर्धनच्या जीवना कोळीवाड्यातली एक मुलगी नवी मुंबईच्या इस्पितळात नर्स होती. कोविड वॉर्डात पहिल्या लाटेपासून. तिच्या मनात इंग्लंडला जायचं आधीपासून होतं. इंग्रजीची परीक्षा, तिथल्या नर्सिंग कौन्सिलची संगणकावरची परीक्षा, क्षयरोगाची तपासणी, हे सगळं ती रात्रपाळ्या सांभाळून करत होती. ऑगस्ट २०२० पासून ब्रिटनने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी वेगळा, कमी फीचा व्हिसा काढला, तेव्हा तिने जोर धरला. मुलाखत झाली ती माझ्या दुकानात, कारण त्या आठवड्यात ती सुट्टीवर घरी होती आणि कोळीवाड्यात नेट धड नव्हतं. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर तिची आई टोपली घेऊन बसली, कुणी झेरॉक्सला आलं तर ‘उद्या या’ म्हणायला. मुलाखतीत तिला विचारलं, कठीण परिस्थिती कशी हाताळता. तिने आदल्या आठवड्यातली एक रात्र सांगितली, मोजक्या शब्दांत. पलीकडचे लोक बराच वेळ काही बोलले नाहीत.

व्हिसा लागला एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला. पासपोर्टात चिकटवलेल्या त्या कागदाची मुदत नव्वद दिवस, तेवढ्यात पोचायचं. विमान महिन्याच्या शेवटी. २३ एप्रिलला ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकलं. व्हिसा असलेल्याला तरीही जाता येत होतं, पण उतरल्यावर दहा दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात, आणि त्याचे १,७५० पौंड. तिच्या मालकांनी तो प्रश्नच ठेवला नाही. भारतातून येणाऱ्यांनी तूर्त थांबावं, असा निरोप आला. तिने इथली नोकरी सोडण्याची नोटीस आधीच दिलेली. इस्पितळाने मात्र तिला हसत परत घेतलं. मे २०२१ मध्ये नर्सला कोण नाही म्हणणार होतं?

ऑगस्टच्या ८ तारखेला भारत लाल यादीतून खालच्या, पिवळसर यादीत आला. तोवर नव्वद दिवस उलटून गेलेले, म्हणजे शिक्का नव्याने. आणि आता गंमत बघा. ही मुलगी जानेवारी २०२१ मध्ये, देशात लसीकरण सुरू झालं त्याच महिन्यात, आरोग्य कर्मचारी म्हणून कोविशील्ड घेतलेली. पुण्यात बनलेली, ऑक्सफर्डच्या सूत्राची. पण भारतात घेतलेली म्हणून ब्रिटनच्या नियमात ती लस न घेतलेली धरली जात होती. पोचल्यावर दहा दिवस खोलीत, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी टेस्ट, दोन्हीचे पैसे आगाऊ. ब्रिटनशी यावरून दिल्लीची खडाजंगी झाली, ऑक्टोबरमध्ये आपण त्यांच्या लोकांवर तेच लादलं, मग त्यांनी ११ ऑक्टोबरपासून सोडलं. ती तोवर जाऊन कामाला लागली होती. तिने एवढंच म्हटलं, ‘ताई, वॉर्डात मला कुणी नाही विचारलं, लस कुठल्या गावात टोचली.’

तिच्या निघण्याचे दिवस आणि त्या मेकॅनिकचे, दोन्ही वेळा मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलने उलटं मोजलं. त्याचं सांगते, कारण ते जास्त घट्ट होतं. सौदीने १ डिसेंबर २०२१ पासून भारतातून थेट प्रवेश दिला आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन देशांत बबलची विमानं ठरली. विमान पहाटेचं. विमानतळावर चार तास आधी, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास. श्रीवर्धनहून माणगाव, वडखळ, पनवेल असं जायचं. मुंबई-गोवा महामार्गाचं काम किती वर्षं चाललंय हे महाराष्ट्राला सांगायला नको. सहा-सात तास धरायचे, म्हणजे आदल्या दिवशी दुपार कलताच निघायचं. आता बहात्तर तास. ते नमुना घेतल्याच्या वेळेपासून मोजायचे, रिपोर्टवरच्या वेळेपासून नव्हे. यावर कितीजण फसले असतील! विमानाच्या वेळेपासून तीन दिवस मागे जा, त्याच्या आधी घेतलेला नमुना फुकट. आमच्या भागातून घेतलेला नमुना लॅबला पोचायला संध्याकाळची गाडी, रिपोर्टला एक दिवस, कधी दीड. मध्ये रविवार आला तर तो दिवस धरायचाच नाही. रिपोर्टवर क्यूआर कोड पाहिजे, पासपोर्ट नंबर पाहिजे, नाव पासपोर्टप्रमाणे. त्यात एक अक्षर चुकलं तर दुरुस्तीला अर्धा दिवस. हे सगळं वजा केल्यावर हातात राहतात ते जेमतेम काही तास. म्हणून मी त्याला नमुना पनवेलला द्यायला लावला, मावसभावाकडे राहून. दुपारी निघायची धास्ती गेली, लॅबची गाडी गेली. एक रात्र जास्तीची, पण रिपोर्टमध्ये नाव चुकलं ते तिथेच, काउंटरवर उभं राहून बदलून घेतलं. हो, चुकलंच होतं.

तो गेला. दम्मामला पाच दिवस क्वारंटाइन आणि मग त्याच जुन्या कंपनीत. बांगड्या सोडवायला त्याला किती महिने लागले ते मी विचारलेलं नाही. सुपारीची रोपं त्याच्या बायकोने त्याआधीच लावली होती, सुपारी संशोधन केंद्रातून आणलेली.

आता नियम गेले. टेस्ट नाही, प्रमाणपत्र नाही. क्रम पुन्हा जुना झाला: मेडिकल, स्टॅम्पिंग, तिकीट. तरी पूर्वीसारखं बिनघोर कुणी जात नाही. एक तर सगळे आता एकगठ्ठा कागदांची दुसरी प्रत माझ्याकडे ठेवतात, काहीजण तिसरी बहिणीकडे. दुसरं, ‘बंद झालं तर?’ हा प्रश्न तरुण पोरंही विचारतात. सुट्टीवर येताना परतीची तारीख री-एन्ट्रीच्या मुदतीच्या बरीच आधीची घेतात. हा शहाणपणा महाग पडलेला आहे.

गेल्या आठवड्यात नर्सची आई दुकानात आली. मुलीने बोलावलंय, दोन महिने राहायला. पासपोर्ट काढला तर त्यावर ईसीआर, म्हणजे नोकरीला जाताना सरकारी तपासणी लागेल असा शेरा, आला, कारण दहावी नाही. शेजारणींनी तिला घाबरवलं, की ईसीआरवाल्याला सोडत नाहीत. मी तिला समजावलं, की तो नियम गल्फसारख्या ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, मुलीला भेटायला इंग्लंडला जाणाऱ्यासाठी नाही. पटलं की नाही कळलं नाही, पण बाकावर नीट टेकून बसली. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची आहे तीच. ते चालून जातं. मग व्हिसाच्या फॉर्ममध्ये तिच्या आईवडिलांची जन्मतारीख मागितलेली पाहिली आणि तिला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘माझ्या आयेची? ती होळीची, एवढंच ठाव.’ वर्ष? ते नाही. फॉर्ममध्ये होळी लिहिता येत नाही. मुलीला मेसेज टाकलाय. तिची ड्यूटी संपली की मामाला फोन करून विचारते म्हणाली, त्याच्याकडे म्हणे जुनी वही आहे.